बादली उचलू का, डॉक्टर? व्यायाम आणि स्तनांच्या कॅन्सरचा तीनशे वर्षांचा हिशेब

गेल्या महिन्यात दवाखान्यात एक ताई आल्या होत्या. वय ५८, तीन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, नंतर केमो आणि रेडिएशन. आता तब्येत छान. आल्या होत्या बीपी दाखवायला. उठता उठता त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, "डॉक्टर, मी वीस वर्षं रोज सकाळी चालायला जात होते. मग मलाच का झाला?" आणि दुसरा, दारापाशी पोचल्यावर, "सून मला पाण्याची बादली उचलू देत नाही. म्हणते हात सुजेल. उचलू का?"

रुग्ण दारापाशी पोचल्यावर जो प्रश्न विचारतात, तोच खरा असतो हे मला तीस वर्षांत कळलं आहे. त्यांना मी थोडक्यात उत्तर दिलं, पण या दोन्ही प्रश्नांमागे मोठा इतिहास आहे आणि तो कळला तर उत्तर जास्त पटतं. म्हणून हा लेख. जरा लांबला आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात इटलीतून करू. बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. कुंभार, विणकर, सोनार, दाई, कोणत्या धंद्यात कोणते आजार होतात याची त्याने नोंद केली. रुग्णाला 'तुम्ही काम काय करता?' हे विचारायची सवय डॉक्टरांना या माणसाने लावली. त्याच्या दोन निरीक्षणांचा आपल्या विषयाशी संबंध आहे. एक म्हणजे, मठात राहणाऱ्या जोगिणींमध्ये स्तनांचा कॅन्सर इतर बायकांपेक्षा जास्त दिसतो. दुसरं, दिवसभर बसून काम करणारे शिंपी आणि चांभार यांची तब्येत बसण्यानेच बिघडते, म्हणून त्यांनी निदान सुट्टीच्या दिवशी तरी अंग हलवावं. त्याने ही दोन निरीक्षणं एकमेकांना जोडली नव्हती. जोगिणींचं कारण त्याने त्यांच्या ब्रह्मचर्यात शोधलं, आणि ते बरंचसं बरोबर निघालं. मूल न होणं, अंगावर न पाजणं यामुळे या कॅन्सरचा धोका वाढतो हे आज आपल्याला माहीत आहे.

जोगिणींचा हा धागा लक्षात ठेवा, कारण पुढे मुंबईत तोच पुन्हा भेटणार आहे.

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. पण हॉस्पिटलात येणाऱ्या रुग्णांवरून शहरात किती कॅन्सर आहे हे कळत नाही, कारण तिथे साऱ्या देशातून लोक येतात. त्यासाठी शहरात राहणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी लागते. इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ साली मुंबईत अशी नोंदणी सुरू केली. भारतातली ही पहिली. हॉस्पिटलं, पॅथॉलॉजीच्या लॅब, महापालिकेचे मृत्यूचे दाखले, सगळीकडून माहिती गोळा करून एकाच रुग्णाची दोनदा मोजणी होणार नाही हे बघायचं, असं हे किचकट काम. संगणक नसताना ते झालं.

या नोंदींतून एक चित्र उभं राहिलं. त्या काळात मुंबईतल्या बहुतेक बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर होता आणि स्तनांचा त्याच्या मागे. पारशी बायकांमध्ये नेमकं उलट. शहर एकच, हवा एकच, पाणीही तेच. फरक काय? पारशी मुली शिकत होत्या, उशिरा लग्न करत होत्या, काही करतच नव्हत्या, आणि मुलं एक किंवा दोन. रामाझिनीच्या जोगिणी पुन्हा दिसल्या म्हणा ना. पुढच्या तीन-चार दशकांत उरलेली मुंबईही त्याच वाटेने गेली. गर्भाशयमुखाचा कॅन्सर कमी होत गेला, स्तनांचा वाढत गेला, आणि आज मुंबईच्या बायकांमध्ये तोच सर्वांत जास्त आढळतो.

१९८७ साली टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत आणि शेजारच्या परांडा व भूम तालुक्यांत अशीच नोंदणी सुरू केली. ग्रामीण भारतातली ही पहिली. तिथे हॉस्पिटलात बसून नोंदी मिळणं शक्य नव्हतं, कारण लोक हॉस्पिटलात पोचतच नसत. म्हणून माणसं गावोगाव हिंडली, लोकांशी बोलली, संशय वाटला त्यांना तपासणीला आणलं. आकडे आले तेव्हा दिसलं की बार्शीकडे स्तनांच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही बरंच कमी आहे.

इथे कोणाच्याही मनात पहिला विचार येतो तो जात्याचा. पहाटे दळण, विहिरीवरून पाणी, दिवसभर खुरपणी, संध्याकाळी सरपणाचा भारा. आणि इकडे आमच्या उपनगरात नळाला पाणी, गॅस, मिक्सर, वॉशिंग मशीन, चौथ्या मजल्याला लिफ्ट. "आमच्या आजीला कधी झाला का कॅन्सर?" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. पटकन टाळी द्यावीशी वाटते. पण थांबा. त्याच आजीचं लग्न पंधराव्या वर्षी झालं होतं, सात बाळंतपणं झाली होती आणि प्रत्येक मूल दोन दोन वर्षं अंगावर प्यायलं होतं. मुंबई आणि बार्शी यांच्यातल्या फरकाचा मोठा वाटा याचा आहे. शिवाय, पूर्वी पुष्कळ बायका या कॅन्सरच्या वयापर्यंत पोचतच नसत, आणि ज्यांना गाठ व्हायची त्या ती कोणाला दाखवत नसत. जात्याचा वाटा असेल, पण तो वेगळा काढून दाखवणं सोपं नाही. आणि खरं सांगायचं तर ते जातं कुणालाच परत नको आहे, माझ्या आईला तर मुळीच नको होतं.

मग श्रमांचा परिणाम वेगळा काढायचा कसा? १९२२ साली अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात, एकमेकांना न विचारता, दोन ठिकाणी व्यवसायानुसार मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांमध्ये कॅन्सरचे मृत्यू कमी दिसले. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. व्यायाम आणि आजार यांचं नातं जगाने मनावर घेतलं ते १९५३ साली, आणि तेही हृदयविकारामुळे. लंडनमध्ये डॉ. जेरेमी मॉरिस यांनी डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरना हार्ट अटॅक कमी येत होते. आपल्या बेस्टच्या जुन्या डबलडेकरची शेवटची फेरी २०२३ च्या सप्टेंबरात अंधेरी स्टेशनाकडून झाली, तेव्हा मला पहिली आठवण मॉरिस यांची झाली. घरच्यांना ते विचित्र वाटलं.

स्तनांच्या कॅन्सरसाठी निर्णायक वळण दिलं रोझ फ्रिश या हार्वर्डच्या संशोधिकेने. अंगावरची चरबी आणि पाळी यांचा संबंध हा त्यांचा विषय. खूप व्यायाम करणाऱ्या सडसडीत मुलींना पाळी उशिरा येते, हे त्यांना माहीत होतं. पाळी जितकी उशिरा, तितकं शरीराला मिळणारं इस्ट्रोजेन कमी, मग कॅन्सरही कमी असेल का? १९२५ ते १९८१ या काळात कॉलेजातून बाहेर पडलेल्या ५,३९८ बायकांची माहिती त्यांनी जमवली. जवळजवळ निम्म्या कॉलेजच्या संघातून खेळलेल्या, निम्म्या न खेळलेल्या. १९८५ साली निष्कर्ष छापून आला. न खेळलेल्यांमध्ये स्तनांच्या कॅन्सरचं प्रमाण खेळलेल्यांच्या पावणेदोन पटींहून जास्त होतं.

मग १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या लेस्ली बर्नस्टीन यांनी चाळिशीच्या आतल्या बायका तपासल्या. पाळी सुरू झाल्यापासून आठवड्याला सरासरी चार तास व्यायाम करणाऱ्यांचा धोका निम्म्याहून कमी दिसला. १९९७ मध्ये नॉर्वेच्या इंगर थूने यांनी २५,००० हून अधिक बायकांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. फावल्या वेळात नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये धोका ३७ टक्क्यांनी कमी, आणि कामावर अंगमेहनत करणाऱ्यांनाही फायदा होता. म्हणजे शरीराला ट्रॅकसूट आणि कामाची साडी यांतला फरक कळत नाही.

वर्तमानपत्रांत तेव्हा मोठमोठे मथळे आले. पुढे अभ्यासांची संख्या वाढली तसा फायद्याचा आकडा आकसला. वैद्यकात हे नेहमी होतं, पहिल्या अभ्यासांचे आकडे फुगलेले असतात. आज सगळे मोठे अभ्यास एकत्र ठेवले तर खूप सक्रिय बायकांमध्ये धोका साधारण १० ते २० टक्क्यांनी कमी दिसतो. निम्मा नाही.

हे शरीरात घडतं कसं? पाळी थांबल्यानंतर बीजांडकोश निवृत्त होतात, पण इस्ट्रोजेन बनणं थांबत नाही. पोटावरची, कमरेवरची चरबी हा त्याचा कारखाना होतो. तिथे अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते दुसऱ्या हार्मोनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. कॅन्सरनंतर अनेक बायकांना पाच-पाच वर्षं दिली जाणारी लेट्रोझोल किंवा अनॅस्ट्रोझोल ही गोळी याच एन्झाइमला कुलूप लावते. व्यायाम कारखानाच लहान करतो. शिवाय इन्सुलिन आटोक्यात येतं, शरीरातला सततचा बारीक दाह कमी होतो. कॅनडात ३२० बैठ्या बायकांवर, सगळ्या पाळी गेलेल्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून प्रयोग झाला. निम्म्या जणींनी वर्षभर आठवड्याला २२५ मिनिटांचा व्यायाम केला. त्यांच्या रक्तातलं इस्ट्रोजेन थोडं, पण नक्की, उतरलं. टाटा मेमोरियलच्या अभ्यासातही दिसलं आहे की आपल्या बायकांमध्ये कमरेचा घेर वाढला की धोका वाढतो, पाळी चालू असो वा गेलेली. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते, असं मी म्हणतो ते यामुळे.

आता ताईंचा पहिला प्रश्न. भारतातल्या नोंदींनुसार साधारण २९ बायकांमागे एकीला आयुष्यात हा कॅन्सर होतो. म्हणजे १,००० बायकांमध्ये सुमारे ३४ जणींना. त्या सगळ्यांनी मनापासून व्यायाम केला आणि धोका १५ टक्क्यांनी उतरला असं धरलं, तर ३४ ऐवजी २९. पाच बायका वाचल्या. मुंबईसारख्या शहराच्या लोकसंख्येला गुणा, आकडा प्रचंड होईल. पण उरलेल्या २९ जणी रोज चालत होत्या आणि तरीही त्यांना झाला. ताई त्यांतल्या एक. त्यांचं काही चुकलं नव्हतं. व्यायाम न करणाऱ्या ज्या बाईला झाला, तिनेही तो ओढवून घेतलेला नाही. "तू हालचाल करत नव्हतीस म्हणून" असं घरातलं कुणी म्हणालं तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

आणि चालणाऱ्यांनी एक गोष्ट विसरायची नाही. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या एका बाईंनी गाठ आठ महिने दाखवली नव्हती, कारण "मी तर एवढी फिट आहे". टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखांवर बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या बायकांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली, यंत्र नाही काही नाही. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. व्यायामाचा आकडा वर दिलाच आहे. गाठ लागली तर आधी दाखवा, चालायला दुसऱ्या दिवशी जा.

आता बादली. हा इतिहास मला जास्त बोचतो, कारण त्यात मीही आहे.

अमेरिकन सर्जन विल्यम हॅल्स्टेड यांनी १८९४ साली ५० रुग्णांवरच्या आपल्या ऑपरेशनची माहिती छापली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या सगळ्या गाठी, सारं एकत्र काढायचं. जवळपास ऐंशी वर्षं जगभर हेच ऑपरेशन होत राहिलं. काखेतल्या गाठींतून हातातला लसीका द्रव वाहून जातो. गाठी गेल्या की तो साचतो आणि हात सुजतो, कधी कधी हत्तीपाय झाल्यासारखा. हॅल्स्टेड यांनी स्वतः १९२१ मध्ये या सुजेवर लिहिलं आहे. मग डॉक्टरांनी एक साधा तर्क लावला. जोर लावला की हाताला रक्त जास्त जाईल, द्रव जास्त बनेल, सूज येईल, म्हणून हात जपा. जड उचलू नका, ओझं घेऊ नका, कणीक मळू नका. तर्क ऐकायला इतका सरळ होता की तो तपासून पाहावा असं कित्येक वर्षं कुणाला वाटलं नाही.

मी शिकत होतो तेव्हा वॉर्डात आम्ही डिस्चार्ज कार्डावर डोळे मिटून लिहायचो, 'जड वस्तू उचलू नये'. एका कोळीणबाईंना मी तेच लिहून दिलं आणि समजावूनही सांगितलं. त्यांनी ऐकलं. माशांची पाटी डोक्यावर घेणं बंद, म्हणजे धंदा बंद. सहा महिन्यांनी आल्या तेव्हा हात सुजला नव्हता, पण खांदा पार आखडला होता. पोलक्याच्या बाहीत हात घालायला मुलीची मदत लागत होती, आणि घरात पैसे येणं थांबलं होतं. मी आमच्या सल्ल्याचं यश म्हणून केस पेपरवर 'सूज नाही' असं लिहिलं. आज ते आठवलं की लाज वाटते.

साधारण त्याच काळात, १९९६ मध्ये, कॅनडातल्या व्हँकुव्हरचे क्रीडावैद्यक डॉ. डॉन मॅकेंझी यांनी या समजुतीला सरळ आव्हान दिलं. स्तनांचं ऑपरेशन झालेल्या २४ बायका त्यांनी ड्रॅगन बोटीत बसवल्या. लांबलचक होडी, दोन्ही बाजूंनी वल्ही, सगळा जोर खांद्यांवर आणि हातांवर. आधी जिममध्ये हळूहळू तयारी, मग पाणी. हंगाम संपला तरी एकीलाही नव्याने सूज आली नाही. आज जगभर अशा बायकांचे शेकडो संघ आहेत. २४ जणींचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, असं म्हणणारे होतेच, आणि त्यांचं बरोबर होतं. तो पुरावा २००९ मध्ये कॅथरिन श्मिट्झ यांनी दिला. त्यांनी १४१ बायका घेतल्या, ज्यांचा हात आधीच सुजलेला होता. निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून दोनदा वजन उचलायला लावलं, अगदी हलक्यापासून सुरू करून हळूहळू वाढवत, हातावर घट्ट बाही चढवून. सूज बळावण्याचे प्रसंग वजन उचलणाऱ्यांमध्ये १४ टक्के जणींना आले, न उचलणाऱ्यांमध्ये २९ टक्के. शंभर वर्षांचा तर्क उलटा निघाला. कमजोर हाताला अचानक ताण पडला की तो सुजतो, कमावलेला हात ताण सोसतो.

उपचारांनंतर चालण्याने आयुष्य वाढतं का? २००५ साली अमेरिकेतल्या जवळजवळ ३,००० परिचारिकांच्या अभ्यासात, निदानानंतर आठवड्याला तीन ते पाच तास मध्यम गतीने चालणाऱ्यांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे निम्मे दिसले. इथे थोडं मीठ घालूनच वाचा, कारण ज्यांची तब्येत बरी त्याच जास्त चालतात. टाटा मेमोरियलने ८५० रुग्णांवर योगासनं आणि नेहमीचा व्यायाम यांची तुलना केली. योग गटात जीवनमान सुधारलं आणि आजार न उलटण्यात १५ टक्क्यांची सुधारणा सांगितली गेली. मला ती आशादायक वाटते, पण एवढ्या संख्येत एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. सर्वांत भक्कम पुरावा २०२५ मध्ये आला, पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा. तिथे केमोनंतर तीन वर्षं शिस्तीत व्यायाम करून घेतलेल्या गटात आठ वर्षांनी ९० टक्के रुग्ण हयात होते, नुसती माहितीपुस्तिका दिलेल्यांमध्ये ८३ टक्के. स्तनांच्या कॅन्सरसाठी असा प्रयोग अजून व्हायचा आहे, तरी मी माझ्या रुग्णांना वाट बघायला सांगत नाही.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. "डॉक्टर, मी दिवसभर उभीच असते" असं म्हणणाऱ्या बहिणींना एवढंच सांगतो की थकणं वेगळं आणि दम लागणं वेगळं. ओट्यापाशी चौदा तास उभं राहून पाय दुखतात, दम लागत नाही. स्टेशनाचा जिना सरकत्या जिन्याऐवजी चढला तर लागतो. आणि फ्रिश यांचा अभ्यास आठवा. सातवी-आठवीत क्लासपायी मुलीचं खो-खो बंद करणाऱ्या आईबाबांनी तर जरूर आठवा.

ताईंना मी असं सांगितलं. आधी दोन्ही हातांची मापं घेतली, सूज नव्हती, खांदा पूर्ण वर जात होता. पहिले दोन आठवडे अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, दहा-दहा वेळा, आठवड्यातून दोनदा. मग एक लिटर. मग पाव बादली. हात जड वाटला, अंगठी किंवा बांगडी घट्ट झाली, लाली आली किंवा ताप आला तर थांबून लगेच यायचं. ज्यांना आधीच सूज आहे त्यांनी बाही घालून आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, ज्यांचा आजार हाडांत गेला आहे किंवा औषधांनी हृदय कमजोर झालं आहे त्यांनी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच.

परवा त्या पुन्हा आल्या, सुनेला घेऊन. सुनेने विचारलं, "कणीकही मळू दे का त्यांना?" ताई मध्येच म्हणाल्या, "कणीक राहू दे गं. बादली मी उचलते, कणीक तूच मळ."